तेव्हा तू कुठं होतास?

आपल्याकडं चार माणसं चहाला बसली की कधी ना कधी हा विषय निघतोच. इंदिरा गांधी गेल्या तेव्हा तू कुठं होतास, किल्लारीच्या भूकंपाला कुठं होतास, नोटबंदीच्या रात्री काय करत होतास. आणि गंमत म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं सुद्धा लोक एवढं ठासून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं काल घडलंय.

ह्या प्रश्नाचा अभ्यास मात्र लई जुना आहे. अमेरिकेत कोलग्रोव्ह नावाच्या माणसानं १८९९ मध्ये १७९ जणांना विचारलं होतं की लिंकनच्या खुनाची बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कुठं होता. खून १८६५ चा, म्हणजे तेहेतीस-चौतीस वर्षं उलटलेली, तरी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस असलं सगळं सांगितलं. ते खरं होतं का हे काय त्यानं तपासलं नाही, आणि पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या कुणीही तपासलं नाही.

मग १९७७ मध्ये रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी केनेडींच्या खुनावरून असाच अभ्यास केला आणि अशा आठवणींना फ्लॅशबल्ब मेमरी, म्हणजे फ्लॅश पडून फोटो निघावा तशी आठवण, हे नाव दिलं. मला त्यातला वेगळाच भाग आवडतो. त्यांनी ४० गोऱ्या आणि ४० काळ्या लोकांना विचारलं, तर काळ्यांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची अशी आठवण काळ्यांपैकी ३० जणांकडं निघाली आणि गोऱ्यांपैकी फक्त १३ जणांकडं. म्हणजे बातमी किती मोठी यापेक्षा ती कुणाची, हे जास्त महत्त्वाचं. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली, ही तारीख बाकी देशाला शाळेच्या पुस्तकापुरती सुद्धा माहीत नसेल, पण इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, भोगलेल्या ह्या गावात आजोबा-पणजोबांच्या तोंडून ती घरोघरी उतरलीय.

बातमी यायची कशी हेही बघा. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी सव्वानऊच्या पुढं इंदिराजींवर गोळ्या झाडल्या, आणि आकाशवाणीनं त्या गेल्याचं अधिकृत सांगितलं संध्याकाळी. मधले तास बीबीसी लावणारे, कुणाकडनं तरी ऐकलेले, दुकानाचं शटर अर्धं ओढून उभे असलेले लोक. त्यामुळं बातमीबरोबर सांगणाऱ्याचा चेहरा पण डोक्यात राहिला. आता मोबाईलवर येते, चेहराच नाही, राहणार काय.

पण चेहरा राहिला म्हणजे आठवण खरी, असं नाही. इथं उलरिक नायसर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ येतो. त्याला स्वतःला पक्कं आठवायचं की १९४१ च्या ७ डिसेंबरला घरात बसून रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होतो आणि मधेच जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्याची बातमी आली. कित्येक वर्षांनी त्याच्या ध्यानात आलं की डिसेंबरात बेसबॉल नसतंच! (नंतर कुणीतरी शोधलं की त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलची मॅच होती, टीमची नावं बेसबॉलवाल्यांसारखीच.) २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं तेव्हा नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून सगळं लिहून घेतलं आणि अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत विचारलं. ११ जणांचं एकूण एक चुकलेलं, आणि तरी कॉन्फिडन्स जबरदस्त. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला तरी काहींना तो पटेना.

आमचा एक मामा १९८४ चं असंच सांगतो, बाई वर्गात आल्या, रडत होत्या, शाळा सोडली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, म्हणजे ३१ ला दिवाळीची सुट्टी चालू असणार. हे त्याला सांगितलं तर म्हणतो मग जादा तास असतील. बरं.

ह्या सगळ्यात भूकंप मात्र वेगळा निघतो. १९८९ चा कॅलिफोर्नियातला लोमा प्रिएटा भूकंप झाल्यावर नायसर आणि सहकाऱ्यांनी दीडेक वर्षानं तुलना केली, तर अटलांटात बसून टीव्हीवर बातमी बघणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष हादरा बसलेल्यांच्या आठवणी कितीतरी अचूक होत्या, जवळपास शंभर टक्के. कारण नुसती भीती म्हणावी तर जास्त घाबरलेल्याला जास्त आठवतंय असंही दिसलं नाही. नायसरचा अंदाज असा की त्या लोकांनी तो किस्सा एकमेकांना इतक्या वेळा सांगितला की तो घट्ट बसला.

हे वाचल्यावर मला आपलं ३० सप्टेंबर १९९३ पटकन समजलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीत नाचून लेझीम खेळून लोक नुकते आडवे झालेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरा. किल्लारी इथनं सरळ रेषेत ८०-८५ किलोमीटर. मांडणीवरची भांडी वाजली, कुणी पोरगं काखेत मारून जिना उतरलं, कुणी घाईत दुसऱ्याचीच चप्पल घातली, आणि मग गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर चादरी टाकून बसली, घरात परत जायची कुणाची हिंमत होईना. बसून करणार काय, तर तेच, तू कुठं होतास, तुला कसं कळलं, मला आधी वाटलं कुणीतरी पलंग हलवतंय. किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर यायला सकाळ झाली, तोपर्यंत प्रत्येकाचा आपापला भूकंप दोन-चारदा सांगून झालेला होता.