इस्ट्रोजेन गोळीतून की कातडीतून? मधे लिव्हर आहे, विसरू नका

१० नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जाहीर केलं की मेनोपॉजच्या, म्हणजे पाळी कायमची जाण्याच्या काळातल्या हॉर्मोन औषधांवर (एचआरटी) काळ्या चौकटीत छापलेला हृदयविकार, ब्रेस्ट कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाचा इशारा आता काढायचा, आणि तेव्हापासून "एचआरटी सेफ झाली" असे मेसेज फिरतायत. त्याआधी वीसेक वर्षं बरोब्बर उलटं ऐकू यायचं, हॉर्मोन घेतले की कॅन्सर झालाच म्हणून. दोन्हीकडे गडबड एकच, त्यातलं मुख्य हॉर्मोन इस्ट्रोजेन म्हणजे एकच एक औषध असं धरून चाललेत. गोळी, कातडीवर चिकटवायचा पॅच, कातडीला चोळायचं जेल, योनीमार्गात लावायचं क्रीम हे शरीरात वेगवेगळं वागतात, आणि त्यामागचं कारण इतकं सुंदर आहे की ते प्रत्येक पन्नाशीच्या आसपासच्या बाईला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडक्यात. पाळी जाताना अंगातून वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप उडते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारा भाग असतो, इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही पेशी जास्तच चेकाळतात आणि अंग तापलंय असा खोटा निरोप देतात, मग शरीर ते थंड करायला घाम काढतं. इस्ट्रोजेन परत मिळालं की त्या पेशी शांत होतात. यात ना बाहेरची बाधा आहे ना बाईचा चिडका स्वभाव, आणि यासाठी कोणी अंगारा किंवा दोरा देत असेल तर तो घेऊ नका.

भीती पसरली ती २००२ मध्ये, अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातून. हॉर्मोन घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला, न घेणाऱ्यांपेक्षा, ब्रेस्ट कॅन्सरच्या ८, स्ट्रोकच्या ८ आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या ८ केसेस जास्त दिसल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि त्यांना दिली ती गोळी, गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं दुसरं हॉर्मोन. पॅच आणि जेल त्या अभ्यासात नव्हतेच, इशारा मात्र सगळ्यांवर लागला.

आता मुख्य गोष्ट. तोंडाने घेतलेली कुठलीही गोळी आतड्यातून रक्तात शोषली जाते, पण आतड्याचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं, पूर्वी शहरात शिरणारा प्रत्येक ट्रक जकात नाक्यावर थांबायचा तसं. इस्ट्राडायोल, म्हणजे आपल्या ओव्हरीत बनतं तेच इस्ट्रोजेन, या वाटेवर बहुतेक सगळं मोडलं जातं, त्याचं इस्ट्रोन होतं, इस्ट्रोन सल्फेट होतं, आणि मूळ रूपात पुढे पोचतं ते साधारण पाच टक्के. म्हणून गोळी १ मिलीग्रॅमची लागते आणि जवळपास तेवढंच काम करणारा पॅच दिवसाला फक्त ५० मायक्रोग्रॅम सोडतो, म्हणजे वीसपट कमी.

पण वाया जाणं हा खरा प्रश्न नाही. लिव्हरच्या पेशींना इस्ट्रोजेन समजतं, आणि एरवी त्यांच्यापर्यंत कधीच न पोचणारा एवढा मोठा लोंढा एकदम आला की त्या प्रोटीन बनवायचा वेग बदलतात. रक्त गोठवणारे काही फॅक्टर वाढतात, गोठणं आवरणारं अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस कमी होतात, गोठणं आवरणाऱ्याच ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी ला रक्त पूर्वीसारखी दाद देत नाही, शिवाय रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, सेक्स हॉर्मोनना धरून ठेवणारं एसएचबीजी हे प्रोटीन वाढतं, ब्लडप्रेशरशी संबंधित अँजिओटेन्सिनोजेन वाढतं, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. पॅच आणि जेलमधलं इस्ट्राडायोल छोटा, चरबीत विरघळणारा रेणू असल्यामुळे कातडीतून सरळ रक्तात जातं, लिव्हरलाही पोचतं पण बाकी शरीराला मिळतं त्याच पातळीवर. फ्रान्समधल्या इस्थर अभ्यासात (२००७) गोळी घेणाऱ्यांमध्ये शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण चौपट दिसला, कातडीतून घेणाऱ्यांमध्ये तो वाढलेला दिसला नाही. ब्रिटनमधल्या खूप मोठ्या नोंदींतूनही २०१९ ला तेच आलं. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत, तरी लिव्हरचं गणित आणि आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

मग सगळे पॅच चांगले का, तर नाही. गर्भनिरोधक पॅचमध्ये असतं इथिनिल इस्ट्राडायोल हे कृत्रिम इस्ट्रोजेन. त्याच्या १७ नंबरच्या कार्बनवर एक जादा गट चिकटवलेला असतो, त्यामुळे लिव्हरला ते पटकन मोडता येत नाही, ते फिरून फिरून लिव्हरमध्ये येत राहतं आणि कातडीतून दिलं तरी गुठळीचा धोका राहतोच. म्हणजे वाट महत्त्वाची, पण रेणूही तितकाच महत्त्वाचा.

गोळी वाईट नाही. तब्येत ठीक असलेल्या, पाळी नुकतीच गेलेल्या बाईला ती चालू शकते, सोपी असते, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी करते. पण पूर्वी गुठळी झालीय, वजन बरंच जास्त आहे, ट्रायग्लिसराइड वाढलेत, मायग्रेन आहे, तर डॉक्टरांना "मला जेल किंवा पॅच चालेल का" असं स्वतःहून विचारा. ब्रेस्ट कॅन्सरच्या बाबतीत मात्र कातडीची वाट फारशी मदत करत नाही, तिथे सोबतचं प्रोजेस्टोजेन कुठलं आणि किती वर्षं घेतलं यावर जास्त अवलंबून असतं. गर्भपिशवी असेल तर प्रोजेस्टोजेन सोडता येत नाही, नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि कॅन्सरचा धोका येतो, तो इशारा एफडीएनेही ठेवलाय.

फक्त खाली कोरडेपणा, जळजळ, सारखं युरिन इन्फेक्शन एवढाच त्रास असेल तर योनीमार्गातलं कमी डोसचं क्रीम किंवा टॅब्लेट बहुतेकदा पुरते, रक्तात अगदी नगण्य जातं. लाजेपायी बायका हे विचारतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. उलट "हॉर्मोन बॅलन्स" च्या नावाने पावडरी आणि थुंकीच्या टेस्ट विकणाऱ्यांना हजारो रुपये जातात, त्या टेस्टवरून डोस ठरवता येतो याला आधार नाही.

आणि आपल्याकडचा एक प्रश्न. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीच्या होत्या. पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरीही काढल्या असतील तर मेनोपॉज एका दिवसात येतो, हाडं आणि हृदय दोन्हीला फटका बसतो, आणि अशा वेळी बाकी अडचण नसेल तर पाळी नैसर्गिकरीत्या गेली असती त्या वयापर्यंत तरी इस्ट्रोजेन द्यावं असंच तज्ज्ञ सांगतात, पिशवी नसल्यामुळे सहसा प्रोजेस्टोजेनही लागत नाही. तुमच्या घरात कोणाची पिशवी काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा, ओव्हरी ठेवल्यात की काढल्यात ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि ते कार्ड घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.