कलिल चांदी : पाण्याची शुद्धता व उपकरणांची स्वच्छता

कलिल चांदी म्हणजे पाण्यात विखुरलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. घरगुती कृतीत शुद्ध चांदीच्या दोन तारा ऊर्ध्वपातित पाण्यात सोडून त्यांना कमी दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह देतात. अशा पाण्यात कणांपेक्षा विरघळलेले रजत आयन, म्हणजे चांदीचे विद्युत्भारित अणूच, बहुधा अधिक असतात. तेव्हा त्याला काटेकोर अर्थाने कलिल म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

कृतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी रसायनज्ञ केरी ली यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्षपणाने, म्हणजे क्षारातली चांदी धातुरूपात आणून, कलिल चांदी मिळवली. जर्मन रसायनज्ञ गेओर्ख ब्रेडिख यांनी १८९८ च्या सुमारास पाण्याखाली विद्युत् प्रज्योत (दोन विद्युत् अग्रांमधली सतत ठिणगी) पेटवून धातूंची कलिले तयार केली. घरगुती यंत्राची परंपरा काहीजण ब्रेडिख यांच्यापर्यंत नेतात. परंतु तेथे धातूची वाफ होऊन कण बनतात, तर येथे धनाग्र, म्हणजे धन टोकाला जोडलेली तार, विरघळते. त्यामुळे ही साध्या विद्युत् विच्छेदनाची शाखा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. आयुर्वेदातल्या रौप्यभस्माशी जोडले जाणारे नाते मात्र नावापुरतेच.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या कलिल चांदीच्या औषधांना सुरक्षित वा परिणामकारक मानण्यास नकार दिला. दीर्घ सेवनाने त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. पाणी शुद्ध वापरल्याने हा धोका टळत नाही.

पाण्याच्या शुद्धतेचा मुद्दा मुख्यतः क्लोराइडाचा आहे. मिठातून येणाऱ्या क्लोराइडाशी रजत आयनांचा संयोग होऊन रजत क्लोराइड बनते, आणि ते अत्यंत अल्पविद्राव्य असते. लिटरमागे १० मिलिग्रॅम रजत आयन असतील, तर क्लोराइड लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली असतानाच साका धरण्याची मर्यादा ओलांडली जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. पिण्यास उत्तम पाणी येथे का चालत नाही, ते यावरून कळते. गोव्यात ओपा किंवा अस्नोड्याहून येणारे नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीलगतच्या) विहिरींना खारेपणा असतो. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी जिभेला गोड लागले तरी क्लोराइडमुक्त नसते, आणि किनाऱ्यावर धरलेल्या पागोळ्यांतही समुद्राचे मीठ उतरते. अशा पाण्यात तारेभोवती प्रथम पांढुरका धूर दिसतो, उजेडात तो करडा पडतो. गॅरेजमधले बॅटरीचे पाणी बहुधा आयनमुक्त असते, पण ते खाद्य दर्जाचे नसते. टीडीएस (एकूण विरघळलेले घन पदार्थ) मापकही केवळ विद्युत् वाहकता मोजतो. त्यावर शून्य दिसले तरी जंतू वा सेंद्रिय द्रव्ये नाहीत असे ठरत नाही.

भांडे बोरोसिलिकेट काचेचे घेतात. साबणाने धुतल्यावर नळाखाली विसळून ते तसेच उपडे घातले, तर काचेवर सुकलेल्या थेंबांतले क्षार पुढच्या घाण्यात उतरतात. म्हणून शेवटची विसळ ऊर्ध्वपातित पाण्याचीच हवी. तारांवर धरलेला काळा थर प्लॅस्टिकच्या घासणीने काढून त्या सुती कापडाने कोरड्या करतात. समई उजळवायची चिंच, बिमली वा रांगोळी येथे कामाची नाही : आम्लाचा वा भुकटीचा अंश तारेवर राहतो. चांदीच्या पॉलिशचेही तेच.