गोळी सुटण्याआधी दचकणारा हात

ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर पिस्तूल शिकायला गेले, तेव्हा माझ्या सगळ्या गोळ्या लक्ष्याच्या खाली आणि डावीकडे लागत होत्या. नेम तर नीट धरलेला होता. प्रशिक्षकांनी काही न बोलता मॅगझिन स्वतः भरून दिलं आणि मला न सांगता त्यात एक बिनदारूचं, खोटं काडतूस घातलं. तिसऱ्यांदा चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं. ना आवाज, ना धक्का. तरीही पिस्तुलाचं तोंड झपकन दोन बोटं खाली गेलं. ते मीच दाबलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

सुतळी बॉम्बची वात पेटवून पळताना आपलं काय होतं ते आठवा. आवाज व्हायच्या आधीच खांदे वर येतात, डोळे बारीक होतात. इथेही तेच. ९ मिलिमीटरची गोळी साधारण १० सेंटिमीटरची नळी एका मिलिसेकंदाच्या आत पार करते. पापणी मिटणं ही माणसाच्या अतिशय जलद प्रतिक्षिप्त क्रियांपैकी एक, पण तिलासुद्धा ३० ते ४० मिलिसेकंद लागतात. म्हणजे धक्का जाणवेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते. नेम बिघडतो तो धक्क्यामुळे नव्हे, तर धक्का येणार या मेंदूच्या अंदाजामुळे. मेंदू तो धक्का आधीच परतवायला जातो.

त्यात पिस्तुलाची रचनाही साथ देत नाही. ग्लॉकसारख्या पिस्तुलाचं वजन रिकामं असताना पाऊण किलोही भरत नाही आणि चाप ओढायला मात्र सुमारे अडीच किलोचा जोर लागतो. हातातल्या वस्तूच्या वजनाच्या तिपटीहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि ती वस्तू जागची हलू द्यायची नाही! नेम धरायला पिस्तुलावर असलेली पुढची माशी (छोटा उंचवटा) आणि मागची खाच यांच्यात जेमतेम १५ सेंटिमीटर अंतर असतं. तिथे एक मिलिमीटर चूक झाली, तर ७ मीटरवर गोळी पावणेपाच सेंटिमीटर सरकते. नळी एक अंशाने कलली, तर १२ सेंटिमीटर.

कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३९ साली दचकण्यावरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. पिस्तुलाचा बार काढायचा आणि माणसाचं शरीर कसं आक्रसतं ते वेगवान कॅमेऱ्याने टिपायचं, अशी त्यांची पद्धत. पुन्हापुन्हा आवाज ऐकून मान, खांदे, हात सरावतात. पापणी मात्र जवळपास कधीच सरावत नाही, असं त्यांना दिसलं.

मग हात सरावायचा कसा? गोळ्या उडवून नाही. प्रत्येक बाराबरोबर दचकण्याचीच सवय पक्की होत जाते. त्यासाठी ‘ड्राय’ सराव असतो, आपल्याकडचे नेमबाजही तो करतात. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि माशीवर डोळा ठेवून सावकाश चाप ओढत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण खरं शिक्षण तेच, असं माझं ठाम मत झालंय.

अर्थात रेंजवरचा कागद उलटा हल्ला करत नाही. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या नोंदी तपासल्या. दोन्ही बाजूंनी गोळीबार होत असताना पोलिसांच्या १०० पैकी १८च गोळ्या लागल्या होत्या. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्सिस आर्टवोल यांनी गोळीबार अनुभवलेल्या १५७ पोलिसांना विचारलं, तेव्हा ८४ टक्क्यांनी आवाज दबका ऐकू आल्याचं सांगितलं. अ‍ॅड्रिनलिन चढलं की नजर अरुंद होते, बोटांची नाजूक हालचाल जड जाते. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली लिहिलं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. या आकड्याला लोकांनी पुढे परवान्यासारखं वापरलं, की २१ फुटांच्या आत आला तर गोळी घालायला मोकळीक. हे चूक आहे. दीड सेकंद किती थोडा असतो, एवढंच ट्यूलर दाखवत होते.

कारण त्या दीड सेकंदात मेंदूला आधी ठरवायचं असतं. समोरच्याच्या हातात चाकू आहे की मोबाईल? पर्याय वाढले की प्रतिसादाचा वेळ वाढतो, हे १९५२ पासून माहीत आहे. म्हणून चांगल्या वर्गात पडद्यावरचे प्रसंग दाखवतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रसंगांत बरोबर उत्तर गोळी न झाडणं हेच असतं.

आणखी एक गोष्ट मला पहिल्याच तासाला ऐकायला हवी होती. अमेरिकेत २०२१ साली बंदुकांनी ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. तिजोरी, कुलूप, घरातलं कुणी खचलेलं असेल तर पिस्तूल घराबाहेर ठेवणं, हे ज्या वर्गात शिकवत नाहीत तो वर्ग मी अपुरा मानते.

तीन महिने रोज रात्री दहा मिनिटं ड्राय सराव केला. परत रेंजवर गेले, तेव्हा प्रशिक्षकांनी पुन्हा खोटं काडतूस घातलं आणि मोबाईलवर चित्रण केलं. ‘टक्’ झालं. पिस्तुलाचं तोंड जागचं हललं नाही. डोळे मात्र मिटलेलेच होते.