आम्लरोधक गोळ्यांचा उपचार

जठरातले आम्ल वारंवार वर अन्ननलिकेत येऊन छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणे असा त्रास होत असेल, तर आम्लाची निर्मितीच कमी करणाऱ्या औषधांनी करायचा उपचार. या विकारात आम्ल जास्तच तयार होते असे नाही. अन्ननलिकेच्या तळाचे स्नायूंचे वलय सैल पडल्याने ते भलत्या जागी पोचते. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याला सरसकट दोष देतात. तिखट झोंबते ते आधीच सोलवटलेल्या अन्ननलिकेला. खरा घात तट्ट भरलेल्या पोटाने लगेच आडवे होण्यात आहे.

ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध 1976 मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. 1988 मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळाले, त्याच वर्षी स्वीडनमध्ये आम्ल रोखणारे दुसरे औषध, ओमेप्राझोल, विक्रीला आले. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडे. ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटले की दुकानदार बहुधा यांतलीच एक काढून देतो.

गोळी नीट लागू पडते की नाही, हे बरेचसे वेळेवर ठरते. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे प्रोटॉन पंप असतात. खाणे सुरू झाले की ते कामाला लागतात, आणि औषध फक्त चालू पंपांनाच बंद पाडते. रक्तात औषध टिकते जेमतेम काही तास. म्हणून गोळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. सकाळी कटाची मिसळ आणि पाव खाऊन झाल्यावर, जळजळ सुरू झाली म्हणून अकरा वाजता गोळी घेणाऱ्याचे पंप एव्हाना काम उरकत आलेले असतात. मग ‘ही गोळी मला मानवत नाही’ म्हणून डोस वाढतो, कंपनी बदलते. वेळ मात्र तीच राहते. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. गोळीवरचे आवरण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असते, म्हणून ती चावू किंवा कुटू नये. तात्काळ उतार हवा असेल, तर तयार झालेले आम्ल मारणारे पातळ अँटासिड बरे.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापूरकरांची सवय जुनी आहे, आणि जळजळीवरही दूध सुचवले जाते. घोटभर दुधाने घटकाभर थंड वाटते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम आम्लाला पुन्हा चालना देतात. झोपण्यापूर्वी पेलाभर साईचे दूध या रुग्णांनी टाळलेलेच बरे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून घ्यावी.

साधारण आठ आठवड्यांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवून डोस कमी करता येतो का ते पाहतात. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली की आम्ल उसळून येते आणि ‘ही जन्माचीच’ असा समज होतो. ती उसळी काही आठवड्यांत ओसरते. अन्ननलिकेला मोठी इजा झालेल्यांना मात्र औषध दीर्घकाळ लागते. त्यांच्यात बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होण्याकडे लक्ष ठेवावे लागते. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध चालू असेल, तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात.

घास अडकणे, काळी शौच, विनाकारण वजन घटणे यांसाठी गोळी बदलत बसू नये, एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतली तपासणी, करून घ्यावी. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम फुटला किंवा डावा हात भरून आला, तर ते पित्त समजू नये. थेट सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.