दांडी पुढे, होडी सावकाश

गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात, ऐन ओहोटीला, आमची विजेवरची होडी एकदा मधेच बंद पडली. होडी काठाकडे वाहू लागली म्हणून नावाड्याने थ्रॉटलची, म्हणजे वेग कमी-जास्त करायची, दांडी एकदम पुढे ढकलली आणि पाण्यातला पंखा थांबला. मोटर ठणठणीत, बॅटरी भरलेली. मोटरने एका झटक्यात इतका करंट ओढला, की बॅटरीच्या संरक्षक सर्किटने जोडणीच तोडली. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये वेग किती सेकंदांत वाढवायचा, ते कुणी नीट ठरवूनच दिलं नव्हतं.

दांडीतून मोटरचा करंट जात नाही. बऱ्याच दांड्यांत एक चुंबक आणि त्याची जागा ओळखणारा सेन्सर असतो. दांडी मागे असताना तो साधारण 0.8 व्होल्ट देतो, पूर्ण पुढे नेली की 4.2 च्या आसपास. ही झाली फक्त मागणी. कंट्रोलर ती वाचतो आणि बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू ठेवला, तर 48 व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला सरासरी 24 व्होल्ट मिळतात. मागणी एकदम वाढली, तरी नीट लावलेला कंट्रोलर हा चालू वेळ टप्प्याटप्प्याने, दोन-तीन सेकंदांत वाढवतो. पाण्यात हा धीर हवाच. पंखा क्षणात वेग घेतो, पण माणसांनी भरलेली होडी तशी हलत नाही. तोवर पंखा नुसतं पाणी ढवळतो.

पाण्याचा हिशेबही कडक आहे. पंख्याचे फेरे दुप्पट केले, की शक्ती जवळपास आठपट लागते. पूर्ण वेगाला 6 किलोवॅट लागत असतील, तर निम्म्या फेऱ्यांना पाऊण किलोवॅट पुरते. दांडी थेट फेरे ठरवत असेल, तर तिचा शेवटचा पाव भाग निम्म्याहून जास्त शक्ती खातो. चोडण बेटावरच्या खारफुटीत पक्षी बघत हळू फिरणाऱ्या होडीला त्या पाव भागाची गरजच नसते. तिथे कमाल वेग कंट्रोलरमध्येच बांधून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

दांडी फेऱ्यांऐवजी मोटरचा जोर ठरवत असेल, तर गोष्ट बदलते. लाटेवर पंखा क्षणभर पाण्याबाहेर आला, की रोखणारं काही उरत नाही आणि तो सुसाट सुटतो. म्हणून कंट्रोलरला फेऱ्यांची मर्यादाही घालावी लागते.

वेग वाढवताना सबुरी हवी, पण दांडी शून्यावर आणली की मोटरचा जोर तत्काळ सुटलाच पाहिजे. खाऱ्या हवेत तारा गंजतात. सेन्सरची तार तुटून 0 व्होल्ट आले, तर चांगला कंट्रोलर त्याला बिघाड मानतो आणि मोटर बंद करतो. उलट दिशा मागितली, तर आधी पंखा थांबवतो, मग फिरवतो. दांडी पुढे असताना किल्ली लावली, तर ती शून्यावर येईपर्यंत मोटर सुरूच करत नाही. आमचा नावाडी आता दोरी सोडण्याआधी दांडी मागे आहे ना, ते हाताने चाचपून बघतो.