‘वारंटीत हाये ना’ म्हणजे नवी गाडी मिळतेच असं नाही

दसऱ्याला हार घालून आणलेली गाडी दिवाळीच्या आत तीनदा शोरूमच्या दारात उभी राहिली, की पारावर कुणीतरी म्हणतंच, “कायले टेन्शन घेतं भाऊ? वारंटीत हाये ना! कंपनीले गाडी बदलून द्याच लागते.”

नाही द्यावी लागत. वॉरंटी वेगळी आणि निर्मितीदोष, म्हणजे ज्याला सगळे मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट म्हणतात तो, वेगळा. या दोहोंची खिचडी करून लोक सहा-आठ महिने घालवतात आणि मग वकिलाकडे येतात.

वॉरंटी कुणाला समजवायला नको. अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. त्या मुदतीत पार्ट गेला तर कंपनी फुकट दुरुस्त करेल किंवा बदलून देईल. टायर-बॅटरी ज्याच्या त्याच्या कंपनीकडे, झिजणाऱ्या वस्तू बहुतेक बाहेर. गॅरंटी आणि वॉरंटी यांच्यातल्या फरकावर तर मला एक ओळही खर्च करायची नाही, पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा.

आता मुद्द्याचं. वॉरंटी हा कंपनीने दिलेला शब्द आहे आणि तो पार्टपुरता आहे. दोषाबद्दलचा हक्क कायद्याने दिलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूच्या दर्जात, गुणवत्तेत उणीव असली की तो दोष. तो सिद्ध झाला तर ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत, नुकसानभरपाई यांपैकी काहीही सांगू शकतो. पण सिद्ध करायचं कुणी? तुम्ही. इथेच सगळे आपटतात. वॉरंटीत ‘पार्ट गेला’ एवढं दाखवलं की भागतं. गाडी बदलून हवी असेल तर बिघाड मुळातला आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे दाखवावं लागतं. २००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: सदोष भाग बदलून काम होत असेल, तर अख्खी गाडी बदलायचा आदेश योग्य नाही.

म्हणून ‘पाच वेळा नेली’ हे पुरत नाही. पाचही वेळा त्याच तक्रारीसाठी नेली, हे कागदावर दिसलं पाहिजे. तो कागद म्हणजे जॉब कार्ड, गाडी दुरुस्तीला देताना शोरूमवाले तक्रार लिहून सही घेतात ते.

माझ्या मावसभावाची गाडी गतिरोधकावर हळू केली की बंद पडायची. शोरूम साठ किलोमीटरवर, सहा खेपा झाल्या. वकिलांनी सहाही जॉब कार्डं टेबलावर पसरली आणि विचारलं, “यात गाडी बंद पडते असं कुठं लिहिलंय?” पाच कार्डांवर ‘जनरल चेकअप, वॉशिंग’. एका कार्डावर ‘पिकअप कमी’. बोनेटवर कागद ठेवून सर्व्हिस ॲडव्हायझरने बोट दाखवलं तिथे भावाने दरवेळी सही केली होती. तोंडी तक्रार त्याने सहाही वेळा केली, चांगली ओरडून केली. कागदावर मात्र तो सहा वेळा गाडी धुवायला गेला होता.

तेव्हा सही करण्याआधी जॉब कार्ड वाचा. इंग्रजी समजत नसेल तर पोराला फोटो पाठवा, पण वाचा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘गतिरोधकावर वेग कमी केला की इंजिन बंद पडतं, तिसरी वेळ.’ ॲडव्हायझर लिहीत नसेल तर तिथेच उभं राहून शोरूमला आणि कंपनीला तीच ओळ ई-मेल करा. गाडी परत घेताना ‘समाधानी आहे’ अशा छापील ओळीखाली डोळे मिटून सही करू नका. एवढं करूनही आयोग तपासणी अहवाल किंवा तज्ज्ञाचं मत मागू शकतो. त्याच्या खर्चाची तयारी ठेवा.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच खोटा. वॉरंटी संपली म्हणून दोषाची तक्रार मरत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं असतात. पण वॉरंटीतच दिसलेल्या बिघाडाचे जुने कागद हाती असतील तरच त्यात जीव असतो.

आणि ते मोबाइलवर फिरणारं ‘तीनदा रिपेअर, चौथ्यांदा नवी गाडी’? तसा नियम अमेरिकेतल्या काही राज्यांत आहे. आपल्याकडे असा वेगळा कायदाच नाही. पुढे पाठवणाऱ्याला एवढं तरी विचारा, की कलम कोणतं.

बाकीचं सोपं आहे. शोरूम नागपुरात असलं तरी तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहत असाल, तर तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात करता येते. (मंच नाही. २०२० पासून तो आयोग आहे.) ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथेच. गाडी ५ ते १० लाखांची असेल तर शुल्क २०० रुपये. एकट्या शोरूमला धरू नका, बनवणाऱ्या कंपनीलाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडीही ग्राहकाचीच. तीन-चार गाड्या ड्रायव्हर ठेवून भाड्याने पळवणाऱ्याला मात्र ही वाट अवघड. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, कधी कधी तेवढ्यानेही शोरूमचा सूर बदलतो.

एक मात्र करू नका. गाडी खराब निघाली म्हणून हप्ते थांबवायचे, हा पारावरचा दुसरा लाडका सल्ला. कर्ज बँकेचं आहे आणि बँकेने तुम्हाला गाडी नाही, पैसे दिलेत. गाडीचं भांडण आयोगात चालू असताना वसुलीवाले ती अंगणातून ओढून नेतील, आणि तज्ज्ञाला दाखवायला गाडीच उरणार नाही. भावाने दोन हप्ते थकवले होते. ते आधी भरले, मग सातव्या खेपेला जॉब कार्ड त्याने स्वतःच्या पेनने भरलं.