इंदूरहून कृषी पदवीला जायचं तर: पॅट, सीयूईटी, कागदपत्रं आणि कॉलेजची पारख

इंदूरच्या मराठी घरांत मूल बारावी विज्ञानला गेलं की चर्चा असते ती जेईई आणि नीटची. कृषीचं नाव निघतं ते या दोन्हींचे निकाल लागल्यावर. तोवर सीयूईटीचा, म्हणजे विद्यापीठांच्या देशव्यापी सामाईक प्रवेश परीक्षेचा, अर्ज कधीच बंद झालेला असतो. मग घाबरून रस्त्यावरच्या मोठ्या फलकावरचा नंबर फिरवला जातो आणि पहिल्याच खासगी कॉलेजात लाखाच्या गोष्टी सुरू होतात. हे टाळता येतं. कमी खर्चात चांगली कृषी पदवी मिळते, आपल्या शहरातही मिळते, पण तिची तयारी बारावीच्या दिवाळीपासून करावी लागते.

आधी कुठे शिकायचं ते पाहू. मध्य प्रदेशात दोन सरकारी कृषी विद्यापीठं आहेत. जबलपूरचं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ चं. ग्वाल्हेरचं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय २००८ चं, त्यातूनच वेगळं काढलेलं. इंदूरचं कृषी महाविद्यालय ग्वाल्हेरच्या विद्यापीठाखाली येतं. ग्वाल्हेर, सीहोर आणि खंडवा इथली कृषी महाविद्यालयं आणि मंदसौरचं उद्यानविद्या महाविद्यालयही त्याच छत्राखाली आहेत. जबलपूरकडे रीवा, टीकमगढ, गंजबासोदा ही कॉलेजं आहेत. मुलाला घरी राहून शिकायचं असेल तर इंदूर पहिलं. फळबागेची ओढ असेल तर मंदसौरचा विचार जरूर करा, नुसतं दूर आहे म्हणून सोडू नका.

इंदूरच्या कॉलेजबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण शहरातल्याच लोकांना त्याची किंमत ठाऊक नसते. १९२४ साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती उद्योग संस्था उभी केली. काडीकचरा आणि शेणापासून खत करण्याची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली, ती इथलीच. १९३५ मध्ये गांधीजी ती बघायला आले होते. त्याच परंपरेवर पुढे १९५९ मध्ये महाविद्यालय सुरू झालं. खंडवा रोडवर राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आहे, कस्तुरबाग्रामला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि शहराबाहेर पडलं की माळव्याची काळी जमीन, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा. शेतकी शिकणाऱ्याला एवढं सगळं एका शहरात सहज मिळत नाही.

पात्रता

बारावीला भौतिक आणि रसायन यांच्यासोबत गणित किंवा जीवशास्त्र हवं, किंवा बारावी कृषी संकायातून झालेली हवी. कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांना ही वाट नाही. गणित नसेल तर कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. करता येत नाही, बी.एस्सी. ऑनर्स कृषीला मात्र दोन्ही गट चालतात. घरी शेती असण्याची अट नाही. हा प्रश्न पालक हमखास विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो: सातबारा किंवा खसरा नसलेल्या शहरी मुलालाही पूर्ण हक्काने प्रवेश मिळतो.

पहिलं दार: पॅट

राज्यातल्या बहुतेक सरकारी जागा प्री ॲग्रिकल्चर टेस्ट, म्हणजे पॅटमधून भरतात. परीक्षा घेतं कर्मचारी चयन मंडळ, आपल्या बोलण्यातलं जुनं व्यापमं. मंडळाच्या पोर्टलवर आधी प्रोफाइल बनवायची, मग अर्ज. तीन तासांत २०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो.

निकालानंतर काउन्सेलिंग वेगळं असतं आणि त्याची नोंदणीही वेगळी करावी लागते. कॉलेज आणि अभ्यासक्रम पसंतीच्या क्रमाने भरून लॉक करायचे. इथे लोक फार कंजुषी करतात, दोन-तीन कॉलेजं भरून थांबतात. जिथे जायची खरोखर तयारी आहे ती प्रत्येक जागा भरा; गुणवत्तेप्रमाणे वरची जागा मिळणार असेल तर ती मिळतेच, खाली जास्त नावं भरल्याने तिला धक्का लागत नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पॅट दरवर्षी एकाच महिन्यात होईल याचा भरवसा नाही, कधी ती बरीच लांबते. खासगी कॉलेजं नेमकी याच काळात फोन करतात: "सीट भर गई तो फिर मत कहना." घरात घालमेल होते, फी भरली जाते. घाई वाटत असली तरी थांबा. भरावीच लागली तर पावती घ्या आणि मूळ मार्कशीट, टीसी कुणाकडे ठेवू नका. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मनाई आहे. ती फक्त पडताळणीला दाखवायची, ठेवायला छायाप्रती द्यायच्या.

दुसरं दार: सीयूईटी

देशभरातल्या कृषी विद्यापीठांतल्या २० टक्के पदवी जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषद अखिल भारतीय पातळीवर भरते. २०२३ पासून त्यासाठी सीयूईटी द्यावी लागते. झाशीचं राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ, कर्नालची दुग्ध संशोधन संस्था आणि बिहारमधलं पुसाचं केंद्रीय विद्यापीठ इथल्या तर सगळ्याच जागा या मार्गाने जातात. बारावीला किमान ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के लागतात. ३१ ऑगस्टला १६ वर्षं पूर्ण हवीत. इथे बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीचं उत्तर १ गुण खातं, तेव्हा पॅटची सवय इथे आणू नये.

आपल्या मुलांना हे दार दोन कारणांनी मोलाचं आहे. मराठी घरातून हमखास विचारणा होते, "राहुरीला किंवा दापोलीला नाही का जाता येणार? मावशी आहे तिथे." महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला एमएचटी-सीईटी ही तिथली प्रवेश परीक्षा आणि महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आजोळ साताऱ्यात असून भागत नाही. पण सीयूईटीने, परिषदेच्या कोट्यातून, इंदूरचा मुलगा राहुरी, दापोली, अकोला, परभणी या महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांत कुठेही जाऊ शकतो. दुसरं कारण पैशाचं. या कोट्यातून स्वतःच्या राज्याबाहेर प्रवेश घेतला तर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती महिना ३,००० रुपये मिळते, गुण टिकवले तर पुढेही चालू राहते. मेसचं बिल बऱ्यापैकी त्यातून निघतं.

सीयूईटी मराठीतूनही देता येते. तरी बारावी ज्या माध्यमातून झाली त्याच भाषेत द्यावी असं मी सांगेन. मुलांनी संज्ञा ज्या भाषेत पाठ केल्या, त्या परीक्षेत त्याच भाषेत आठवतात.

कागदपत्रं

दहावीची मार्कशीट जन्मतारखेसाठी, बारावीची मार्कशीट, परीक्षेचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, टीसी, बोर्ड बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), फोटो, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. ही सगळी वेळेवर जमतात. अडतं ते पुढच्या तीन ठिकाणी.

एक, मूळ निवासी प्रमाणपत्र. ते लोकसेवा केंद्रातून निघतं, पण प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात. दिवाळीच्या सुट्टीत काढून ठेवा.

दोन, जातीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रातून काढलेलं प्रमाणपत्र मध्य प्रदेशच्या आरक्षणाला चालत नाही. इथलं डिजिटल प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी कुटुंबाचा राज्यातला जुना रहिवास दाखवावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पासूनचा, इतर मागासवर्गाला १९८४ पासूनचा. होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या घरांनी आजोबांचा शाळेचा दाखला, घराची जुनी रजिस्ट्री, नोकरीचं सेवापुस्तक अशी कागदं शोधून ठेवावीत. पेट्या उपसायला वेळ लागतो. जे कुटुंब नंतर आलं, त्याने खुल्या प्रवर्गातूनच हिशेब करावा. आर्थिक दुर्बल घटकात बसत असाल तर ते प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षाचंच काढा.

तीन, नाव. हा त्रास आपल्या लोकांना जास्त होतो. आधारवर 'प्रथमेश विनायक काळे', दहावीच्या मार्कशीटवर नुसतं 'प्रथमेश काळे', समग्रमध्ये 'प्रथमेश काले'. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, इथल्या शाळा ते वेगळ्या रकान्यात घालतात. पोर्टल नावं जुळवतं तेव्हा अर्ज अडतो, शिष्यवृत्ती तर हमखास अडते. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आधार धरा आणि आधार, समग्र, बँक खातं सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. मार्कशीट बदलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

पैसा

नुसतं शिक्षण शुल्क विचारू नका. आठ सत्रांचा पूर्ण आकडा लेखी मागा: शिक्षण, परीक्षा, प्रयोगशाळा, वसतिगृह, मेस, सहली. सरकारी विद्यापीठाच्या कॉलेजात हा आकडा मध्यमवर्गीय घराला झेपतो. त्यावर मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. मध्य प्रदेश बोर्डातून ७० टक्के किंवा सीबीएसईतून ८५ टक्के मिळाले आणि घरचं उत्पन्न मर्यादेत असलं तर सरकारी विद्यापीठातली फी राज्य सरकार भरतं. म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

खासगी कॉलेज बघायचंच असेल तर

सरसकट वाईट म्हणणार नाही. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पदवी चार वर्षांची आहे का, हे पहिलं. बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाच्या जाहिरातीत चार वर्षांची पदवी असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तीन वर्षांची, कृषी हा एक विषय असलेली बी.एस्सी. तिथे उपयोगाची नाही. दुसरं, कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे. पुढे एम.एस्सी.ला जाताना हा प्रश्न येतोच. "युनिव्हर्सिटीला यूजीसीची मान्यता आहे" हे त्याचं उत्तर नव्हे.

तिसरं तपासायला स्वतः जावं लागतं. कॉलेजची शेती बघा. अभ्यासक्रमात खरीप आणि रब्बी पीक उत्पादनाची प्रात्यक्षिकं असतात, त्यात विद्यार्थ्यांनी पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं हाताने करायचं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, तुझा प्लॉट कुठे आहे, काय पेरलं होतंस, उतारा किती आला? कीटक पकडून टाचण्या टोचलेला संग्रहाचा डबा आणि तणांची वाळवलेली वही दाखव म्हणा. ज्याने ते केलंय तो उत्साहाने दाखवतो, आणि डब्यातल्या टाचण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तारीख आणि जागा लिहिलेली असते. विकत आणलेला संग्रह लगेच कळतो, सगळ्यांच्या डब्यात तेच किडे त्याच क्रमाने. चौथ्या वर्षी गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करण्याचा कार्यक्रम असतो, त्यासाठी मागच्या वर्षीची मुलं कोणत्या गावांत होती, तेही विचारा. गावांची नावं सांगता आली नाहीत तर उठून या.

जागा मिळाल्यावर

अलॉटमेंट लेटरवर हजर होण्याची शेवटची तारीख असते. त्या मुदतीत कागदपत्रांची पडताळणी आणि फी झाली नाही तर जागा जाते आणि पुढच्या फेरीत दुसऱ्याला मिळते. वरची जागा हवी असेल तरी मिळालेली जागा सोडण्याआधी अपग्रेडेशनचा, म्हणजे पुढच्या फेरीत वरची जागा मिळण्याचा, नियम त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत वाचा. सीयूईटीतून जागा मिळेल अशी आशा असेल तर दोन्ही काउन्सेलिंगच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि सगळ्या मूळ कागदांच्या चार-चार छायाप्रती स्वाक्षरी करून तयार ठेवा, कारण बोलावणं आलं की हातात दोन-तीन दिवसच असतात.